तोफेला गाडा देण्याआधी तिची अक्षरे वाचा

गडकोटांवर राबणाऱ्या दुर्गसंवर्धन मंडळांच्या तरुण मित्रांनो,

सप्रेम जय शिवराय.

मी कोल्हापूरचा. अख्खी हयात ओतकामात गेली, आधी उद्यमनगरात आणि मग शिरोलीच्या एमआयडीसीत. ऑइल इंजिनाचे ब्लॉक, पंपांची केसिंग, ट्रॅक्टरचे सुटे भाग, जे जे बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ओतता येते ते सगळे ओतले. निवृत्त झाल्यापासून दर महिन्याला एक तरी किल्ला करतो. लोक बुरूज बघतात, दरवाजे बघतात. माझी नजर आधी तोफेकडे जाते. काय करणार, ती बिडाची असते आणि बीड मला कळते.

तुम्ही काय करता ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. दरीत ढकललेली तोफ दोर लावून, खांद्यावर घेऊन, दिवसभर उपाशी राहून वर आणता. वर्गणी काढून सागवानी तोफगाडा करून घेता आणि गुलालात तिची मिरवणूक काढता. हे सगळे बघताना माझे डोळे भरून आले आहेत. म्हणून हे पत्र घरात बसून चुका काढणाऱ्याचे नाही. ज्या चुकीबद्दल लिहायचे आहे ती माझ्या हातून झाली आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोकणातला एक किल्ला, नाव सांगत नाही. मातीत अर्धी गाडलेली तोफ आम्ही चाळीसेक जणांनी तिकाटणे उभारून चेन ब्लॉकने वर काढली. अंगावर बोटभर जाडीचा गंज, त्यात वाळू आणि शिंपले चिकटलेले. ‘काका, हे कसे काढायचे?’ म्हणून पोरांनी विचारले. फाउंड्रीत कास्टिंग साफ करायचे तर ग्राइंडर लावतात, दुसरा विचारही कुणी करत नाही. मीही केला नाही. जनरेटर लावला आणि दोन तास ग्राइंडर चालवला. तोफ चांदीसारखी चमकायला लागली. टाळ्या पडल्या. मग काळा ऑइलपेंट, झेंडूचा हार, नारळ.

संध्याकाळी एका मुलाने सकाळचे फोटो दाखवले. तोफेला दोन्ही बगलांना आडवे खुंट असतात, ज्यांवर ती गाड्यात बसते. त्यातल्या एका खुंटाच्या तोंडावर, गंजाखालून, काहीतरी उठावाचे दिसत होते. एखादे अक्षर असेल, एखादा आकडा असेल. मी उठून तोफेपाशी गेलो आणि खुंटावर बोट फिरवले. तो आता आरशासारखा गुळगुळीत होता. तिथे काय होते ते आता कुणालाही कधीच कळणार नाही, आणि ते माझ्या हाताने गेले.

पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो. रंगाचे पापड सुटले होते आणि प्रत्येक पापडाच्या पाठीला धातूची एक खपली चिकटून आली होती. उघड्या पडलेल्या जागी अंगठ्याचे नख दाबले तर नखाला शिसपेन्सिलीसारखे काळे लागले.

तसे का होते ते नीट सांगतो, कारण सगळे त्यातच आहे. बीड म्हणजे नुसते लोखंड नव्हे. त्यात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि करड्या बिडात तो ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो. तोफ शे-दोनशे वर्षे खाऱ्या मातीत किंवा खाऱ्या वाऱ्यात राहिली की लोखंड हळूहळू निघून जाते आणि ग्रॅफाइटची जाळी मागे उरते. वरून तोफेचा आकार जसाच्या तसा दिसतो, पण वरचा थर आता धातूचा नसतो; तो मऊ, काळा, चाकूने कापता येईल असा असतो. तोफेवर ओतलेली आणि कोरलेली अक्षरे त्याच मऊ थरात असतात. ग्राइंडर हा थर पहिल्या फेरीतच उडवतो. खाली चकचकीत बीड लागते आणि आपल्याला वाटते, तोफ साफ झाली. वास्तविक आपण तिच्या अंगावरचा लेख पुसलेला असतो.

दुसरी गोष्ट मिठाची. समुद्राचे क्षार गंजात खोलवर मुरलेले असतात. त्यावर ऑइलपेंटचा हात मारला की क्षार आत कोंडतात. हवेतला दमटपणा रंगाच्या बारीक भेगांतून आत शिरतो आणि गंज रंगाखाली वाढत राहतो. अशा तोफेवर कधी कधी तांबूस पाण्याचे थेंब सुटलेले दिसतात. बघितले की समजा, ती आतून रडते आहे.

आता त्या अक्षरांविषयी. इंग्रजी बनावटीच्या जुन्या तोफांवर पाठीशी तीन आकडे कोरलेले आढळतात, समजा 20–1–14. एका गडावर मी एका उत्साही गाइडला असे आकडे तारीख म्हणून सांगताना ऐकले आहे. ती तारीख नसते, ते तोफेचे वजन असते. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे 112 पौंडांचा. दुसरा क्वार्टरचा, 28 पौंडांचा. तिसरा सुटे पौंड. वीस गुणिले 112 म्हणजे 2240, त्यात 28 आणि 14 मिळवा. झाले 2282 पौंड, साधारण 1035 किलो. ज्या ओतशाळेत ती तयार झाली तिथे काट्यावर चढवून कुणीतरी छिन्नीने हे आकडे घातलेले असतात. मीही आयुष्यभर कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे ते कोणत्या ओतातले हे सांगणारे आकडे, घातले आहेत, म्हणून ते आकडे बघितले की मला त्या माणसाचा हात दिसतो.

त्याखेरीज पाठीवर राजाचे मुकुटचिन्ह असू शकते, बाणाचे टोक असू शकते, ईस्ट इंडिया कंपनीचे बदामाच्या आकाराचे चिन्ह असू शकते, डच कंपनीची एकात एक गुंफलेली अक्षरे असू शकतात. कारखान्याचे नाव किंवा खूण बहुधा खुंटाच्या तोंडावर. म्हणजे जी जागा मी घासून टाकली, नेमकी तीच.

आणि काहीच लिहिलेले नसले तरी तोफ बोलते. तिच्या तोंडाचा आतला व्यास मोजा. या जुन्या तोफांची नळी आतून गुळगुळीत असते, पुढच्या काळातल्या तोफांसारखे पिळाचे आटे तिच्यात नसतात. गोळा नळीपेक्षा थोडा लहान ठेवत, म्हणजे तो अडकत नसे. त्यामुळे व्यासावरून गोळ्याचे वजन ठरते. इंग्रजी मापात 3.67 इंच म्हणजे सहा पौंडी, 4.62 म्हणजे बारा पौंडी, 5.82 म्हणजे चोवीस पौंडी. गंजामुळे माप थोडे इकडेतिकडे होते, पण साधा कॅलिपर आणि पाच मिनिटे एवढ्यावर अंदाज येतो. मग पाठीमागचा काना बघा, जिथे रंजक भरून बत्ती देत. तो मोकळा आहे की त्यात खिळा ठोकलेला आहे? तोफ निकामी करायला तिच्या कान्यात खिळा मारल्याचे आपण बखरीत वाचतो. खिळा सापडला तर त्या तोफेचा शेवटचा दिवस तुमच्या बोटाखाली आहे. तो खिळा ‘स्वच्छता’ म्हणून उपटू नका.

अलिबागचा कुलाबा घ्या. शिवरायांनी 1680 साली बांधायला घेतला, शंभूराजांच्या काळात पुरा झाला. चुना न वापरता मोठमोठे दगड एकावर एक रचून उभा केलेला हा पाणकोट. डिसेंबर 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून यावर चालून आले, खुद्द पोर्तुगीज व्हाइसरॉय हजर होता, आणि कान्होजी आंग्र्यांनी त्यांना हात हलवत परत पाठवले. रणभूमी म्हणायची तर हीच. ओहोटीला घोडागाडीतून किंवा चालत आत जाता येते आणि उत्तरेच्या अंगाला चाकांवर उभ्या दोन तोफा दिसतात. फोटो काढायला सगळे तिथेच थांबतात.

गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन गेलो होतो. एक तरुण शाळेच्या मुलांना सांगत होता, ‘याच तोफांनी कान्होजींनी फिरंग्यांना पळवून लावले.’ मुले डोळे मोठे करून ऐकत होती. माझ्या नातीला नुकतेच इंग्रजी वाचता यायला लागले आहे. ती गुडघ्यावर बसली आणि एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचायला लागली: लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘आजोबा, ही इंग्लंडची आहे?’

लो मूरचा लोखंडाचा कारखाना ब्रॅडफर्डजवळ 1791 साली उभा राहिला. कान्होजी आंग्रे वारले 1729 साली. मध्ये बासष्ट वर्षे आहेत. त्या तरुणाला मी बाजूला घेऊन हे सांगितले. तो चिडला नाही, उलट हिरमुसला. म्हणाला, ‘मग मुलांना काय सांगू?’ मला त्याच क्षणी नीट उत्तर सुचले नाही, ते आता देतो.

मुलांना हे सांग की लोखंड वितळवून त्याची तोफ ओतायला उंच झोतभट्टी लागते आणि ती त्या काळात आपल्याकडे नव्हती. आपले लोहार भट्टीतून लोखंडाचा गोळा काढून तो ठोकून घडवत, आणि त्यात त्यांचा हात धरणारे थोडे होते. म्हणून आपल्या देशी तोफा दोन तऱ्हेच्या: एक घडीव लोखंडाच्या, पट्ट्या आणि कडी तापवून, ठोकून जोडलेल्या, दुसऱ्या पंचरसी, म्हणजे तांबे आणि कथलाच्या मिश्रणाच्या, साच्यात ओतलेल्या. किनाऱ्यावरच्या पुष्कळशा बिडाच्या तोफा समुद्रावरून आल्या. काही विकत घेतल्या, काही जिंकून घेतल्या, काही नंतर आलेल्या राज्यकर्त्यांनी आणल्या. कोणती कुठली, हे तोफच सांगते.

आणि ओतकामात आपण कमी होतो का? मलिक-ए-मैदान आज विजापूरच्या बुरुजावर आहे, पण ती ओतली गेली आपल्या अहमदनगरात, 1549 साली. वजन सुमारे 55 टन. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि जबड्यात हत्ती. एवढे वितळलेले कासे एका साच्यात, धार तुटू न देता ओतायचे म्हणजे काय, हे भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला विचारा. आमच्याकडे दोन टनांचे कास्टिंग असले की आदल्या रात्री मोल्डरला झोप लागत नसे. साच्यात ओल राहिली तर धातू उसळतो, धार मध्ये थांबली तर सांधा राहतो. याच तोफेचा 1854 साली इंग्रजांनी लिलाव मांडला आणि बोली आली 150 रुपये. सुदैवाने तो व्यवहार रद्द झाला. देवगिरीची मेंढा तोफ बघा, पाठीमागे मेंढ्याचे मुंडके. ती तशीच आपल्या मुलुखात उभी आहे. अभिमान धरायला एवढे खरे असताना यॉर्कशायरच्या तोफेला कान्होजींचे नाव कशाला द्यायचे? त्यांच्या गलबतांना आणि गोलंदाजांना त्या उसन्या मोठेपणाची गरज नाही.

‘पंचधातूची तोफ’ हा शब्दही जरा जपून वापरा. अंगावर तांबडा गंज दिसतो त्या तोफेलाही आपण सर्रास पंचधातूची म्हणतो. पंचरसी तोफ हिरवट पडते, तांबडी होत नाही. खिशात एक लहानसे चुंबक ठेवा. चिकटले तर लोखंड. यापेक्षा सोपी परीक्षा नाही.

एक गोष्ट जिवाची आहे, ती नीट ऐका. जमिनीतून काढलेली तोफ रिकामी आहे असे कधीही धरून चालू नका. 1780 साली बुडालेल्या एका इंग्रजी जहाजावरची तोफ न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कात वर्षानुवर्षे प्रदर्शनात होती. 2013 साली गंज साफ करताना कामगारांच्या लक्षात आले की आत दारू आणि गोळा तसाच आहे. बाँबशोधक पथक बोलवावे लागले. तोपर्यंत किती माणसे त्या तोफेवर रेलली असतील! म्हणून आधी बाहेरून लाकडी काठी टेकवून तोंडापासून काना येतो तिथपर्यंतची लांबी मोजा, मग तीच काठी अलगद आत सोडून खोली बघा. खोली हातभर कमी भरली तर आत काहीतरी आहे. तिथे थांबा, पोलिसांना आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. ग्राइंडरची ठिणगी, वेल्डिंग, शेकोटी, काहीही जवळ नको. आमच्या त्या दिवशी आम्ही हे बघितलेच नव्हते. आठवले की अजून अंगावर काटा येतो.

मग करायचे काय? माझे म्हणणे एवढेच आहे की पहिल्या दिवशी तोफेला काहीही करू नका, फक्त तिची नोंद करा. चारही बाजूंनी फोटो, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, कारण पुसट अक्षरे तिरप्या उजेडात उठून दिसतात. दुपारी बाराला घेतलेल्या फोटोत काही मिळत नाही. अंधार पडल्यावर बॅटरी जमिनीलगत धरून पुन्हा एकदा बघा. घडीव तोफ असेल तर कड्या मोजा. अक्षरांवर पातळ कागद धरून पेन्सिलीने हलक्या हाताने ठसा घ्या. लांबी, तोंडाचा व्यास, खुंटांची जाडी. ती कुठल्या बुरुजावर, कुठे तोंड करून सापडली तेही लिहा. गाडा आणि तोफ एकाच वयाचे असतात असे नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळी वाचा. हे सगळे एका वहीत, आणि वहीची प्रत खात्याकडे.

परवानगीचा मुद्दा तुम्हाला कंटाळवाणा वाटेल, पण प्राचीन स्मारकांसाठी 1958 चा केंद्राचा कायदा आहे आणि 1960 चा राज्याचा. संरक्षित स्मारकातली तोफ जागची हलवणेसुद्धा आपल्या मर्जीचे नाही. ती जिथे पडली आहे तिथूनच अभ्यासकाला काही कळणार असते. आपण तिला उचलून प्रवेशद्वाराशी, सेल्फीच्या सोयीने ठेवली की बुरूज मुका होतो.

साफसफाई करायचीच झाली तर जाणकार संवर्धकाच्या देखरेखीखाली करा. मी इथे फक्त वाट दाखवतो. सुटलेली माती आणि खपल्या मऊ ब्रशने किंवा बांबूच्या काडीने काढायच्या. मीठ जाईपर्यंत गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे. लहान तोफा असतील तर संवर्धक त्या महिनोन् महिने सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवतात. पूर्ण वाळली की टॅनिक ॲसिडचा हात. आपल्या आज्या हिरड्याच्या पाण्यात लोखंडाचा तुकडा टाकून काळी शाई करत, तेच हे रसायन: हिरड्यातले टॅनिन लोखंडाशी मिळून काळा, स्थिर थर धरते. पण तेवढ्यावरून हिरडा उकळून तोफेवर ओतू नका. प्रमाण आणि शुद्धता लागते. वरून मेणाचा पातळ थर. हा थर पुढे कधीही काढता येतो, ऑइलपेंट काढताना मात्र धातूची कातडी सोबत येते. आणि हे काम दर वर्षी करावे लागते, पावसाळ्याआधी. एकदा कार्यक्रम केला आणि झाले, असे नाही.

तोफेचे तोंड किंचित खाली झुकलेले ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी आत साचणार नाही. लाकडी डट्टा बसवला तर त्याला खालून भोक हवे.

सागवानी गाड्याला माझा विरोध नाही. पण पाणकोटावरच्या तोफेला मैदानी तोफेसारखी मोठी दोन चाके लावू नका. तटावरच्या आणि जहाजावरच्या तोफांचे गाडे बुटके, चार लहान चाकांचे असत. मोठ्या चाकांचा गाडा दिसायला देखणा असतो हे खरे, पण तो बैलांनी ओढून मैदानात न्यायचा गाडा आहे. शिवाय लाकूड पावसात भिजते आणि महिनाभर ओले राहते. जिथे बीड त्याला टेकते तिथेच गंज पहिल्यांदा खातो. मध्ये रबराची किंवा शिशाची पट्टी हवी आणि पाणी वाहून जायला फट हवी.

दसऱ्याला पूजा जरूर करा. फुले वाहा, संध्याकाळी उचला. तेलात कालवलेला शेंदूर, हळद आणि नारळाचे पाणी मात्र तिच्या अंगावर नको. नारळ शेजारच्या दगडावर फोडला तर देवीला राग येणार नाही, असे मला मनापासून वाटते.

पुरातत्त्व खात्यातल्या मंडळींपर्यंत हे पत्र पोचले तर त्यांनाही हात जोडून एक मागणे आहे. जुलै 2025 मध्ये आपले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी, असे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यात कुलाब्याच्या शेजारचा खांदेरीही आहे. देशोदेशींचे लोक येतील, तोफेपाशी थांबतील. तिथे एक लहानसा फलक असावा: धातू कोणता, लांबी किती, व्यास किती, किती पौंडी, अंगावर काय लिहिले आहे, कुठे सापडली. जे ठाऊक आहे तेवढेच. आणि प्रत्येक मंडळातल्या दोघा-तिघांना दोन दिवस शिकवा की तोफ कशी मोजायची. हात भरपूर आहेत, पोरे दर रविवारी फुकट राबायला तयार आहेत. त्यांना कुणी ठसा घ्यायला शिकवलेले नाही, म्हणून ती ग्राइंडर उचलतात. मीही त्याचसाठी उचलला होता.

माझ्याकडे कॅलिपर आहे, चुंबक आहे, पातळ कागदाची एक रीळ आहे आणि आता वेळही आहे. ज्या मंडळाला तोफेची नोंद करायची असेल त्यांनी नुसता निरोप द्यावा, मी एसटीने येतो. जेवणाचा डबा माझा मी आणीन. येत्या पौर्णिमेनंतर ओहोटी बघून नातीसोबत पुन्हा कुलाब्याला जाणार आहे. उत्तरेच्या तटावरच्या दोन्ही तोफांचा ठसा घ्यायचा आहे. अर्थात तिथल्या कार्यालयाची परवानगी घेऊनच. अक्षरे ती वाचेल, मी कागद धरीन. मुलांना गोष्ट सांगणारा तो तरुण हे वाचत असेल तर त्यानेही यावे.

तुमचा,
एक निवृत्त ओतकामगार
कोल्हापूर